तेरावं वाक्य

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर, करमणूक म्हणून वाचत आले. खरं सांगायचं तर हसत वाचत आले. मी शाळेत विज्ञान शिकवते, सातवी ते दहावी, गेली एकोणीस वर्षं. रस्त्यात टाकलेलं लिंबू ओलांडायला घाबरणाऱ्या पोरांसमोर मी मुद्दाम त्या लिंबावर पाय देऊन चालून दाखवलंय. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लाज वाटावी असं त्याहून मोठं कारण पुढे येणार आहे. ते वाचल्यावर भुताखेताचं कुणाला काही वाटणार नाही.

आम्ही मूळचे कुरुंदवाडचे. वडील वारल्यापासून आई — तिला आम्ही अव्वा म्हणतो — तिथल्या घरात एकटी राहते. मी लग्नानंतर कोल्हापुरात, फुलेवाडीत. माझी धाकटी बहीण गिरिजा माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तिला मी कडेवर घेऊन वाढवलंय, तिच्या वेण्या घालून शाळेत सोडलंय. तिला आमच्याच जिल्ह्यातल्या मलकापूरला दिली. नवरा महेश तिथंच नोकरीला आहे, माणूस गरीब स्वभावाचा, गिरूवर जीव असलेला.

गिरूचं पहिलं पोट दुसऱ्याच महिन्यात गेलं होतं. त्यानंतर तीन वर्षं काही नाही. म्हणून मागच्या वर्षी दिवस राहिले तेव्हा ती आनंदापेक्षा जास्त घाबरली. जिना उतरायची नाही, रिक्षात बसायची नाही, पोटावर हात ठेवून झोपायची. हे बाळ हातात यायलाच पाहिजे, एवढाच एक विचार तिच्या डोक्यात. आणि खरं तर आम्हा सगळ्यांच्याच.

तेव्हा मी एक ऑनलाइन वर्कशॉप केलं. शाळेतल्या एका मॅडमनी लिंक पाठवली होती. गरोदरपणात आणि बाळंतपणात मनाला सकारात्मक वाक्यं ऐकवायची, रोज, ठरलेल्या वेळी. भीती कमी होते, श्वास सुधारतो, कळा सोसायला बळ येतं. मला ते पटलं. ताण कमी झाला तर चांगलंच आहे, यात अंधश्रद्धा कुठं आली? हे तर सरळ मानसशास्त्र, असं मी स्टाफरूममध्ये ऐटीत सांगितलं होतं.

माझा आवाज बरा आहे. शाळेच्या गॅदरिंगचं निवेदन दर वर्षी माझ्याचकडे असतं. तर मी बारा वाक्यं लिहिली, मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि गिरूला पाठवली. "माझे शरीर सक्षम आहे. मी निसर्गावर विश्वास ठेवते..." दहा मिनिटांत तिचा फोन.

"अक्का, गॅदरिंगला बोलायलीस व्हय? पावणं येऊन बसल्यागत वाटायलंय मला. आपल्या भाषेत सांग की!"

मग मी सगळी वाक्यं आपल्या घरच्या बोलीत केली. "माझं अंग बाळाला जागा करून द्यायलंय." "कळ येती आणि कळ जाती." "काय करायचं ते माझ्या अंगाला ठावं हाय." शेवटचं, बारावं — "मी माझ्या बाळाला घेऊन घरला येतो." आमच्याकडे बायकाही येतो-जातोच म्हणतात. ते गिरूला फार आवडलं. दर रविवारी दुपारी मी नव्यानं रेकॉर्ड करून पाठवायची, म्हणजे तिला तेच तेच वाटू नये. चार-साडेचार मिनिटांची क्लिप. ती दुपारी जेवल्यावर कानात घालून पडायची.

सातव्यात ओटी भरली आणि गिरू कुरुंदवाडला बाळंतपणाला आली. तिथं अव्वानं हे प्रकरण आपल्या हातात घेतलं. अव्वा म्हणाली, "ह्यात नवीन ते काय? आमच्यात पहिल्यापासनंच हाय हे." बरोबरच होतं तिचं. घरात मीठ संपलं की आम्ही संपलं म्हणत नाही, वाढलं म्हणतो. बांगडी फुटत नाही, वाढते. अभद्र बोललं की वास्तू तथास्तु म्हणते, हे ऐकत आम्ही मोठे झालो. वर्कशॉपवाल्या बाईंचं आणि अव्वाचं अगदी जुळलं. मीच मग दोन्ही मिळून नियम केला — बाळ येईपर्यंत या घरात वाईट शब्द नाही, तक्रार नाही, "नाही" हा शब्दच नाही.

हसायचो आम्ही त्यावरनं. एकदा गॅस संपला तर अव्वा फोनवर म्हणते, "गॅस भरपूर हाय हो, पण दुसरा एक लगेच पाठवा." गिरू इतकी हसली की मला व्हिडिओ कॉल करून तिनं अव्वाला ते पुन्हा म्हणायला लावलं. तिची भीती खरंच कमी झाली होती. चेहरा भरला होता. मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

संक्रांत झाली. नववा लागला होता. तोवर गिरू रोज सांगायची की बाळ लाथा मारून झोपू देत नाही. सांगायची म्हणजे तेसुद्धा नियमात बसवून... "लई हुशार हाय, रात्रभर व्यायाम करतंय."

त्या सोमवारी मी विचारलं, बाळ काय म्हणतंय?

"निवांत हाय आज."

मी म्हटलं, छान.

मंगळवारी, "आज तर लईच निवांत हाय, अक्का." आवाज जरा बारीक होता. मी पुन्हा म्हटलं, छान, तूही निवांत राहा.

मी विज्ञान शिकवते. नवव्या महिन्यात बाळाची हालचाल कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो, हे मला माहीत होतं. पण तिनं "हालत न्हाय" असं म्हटलंच नाही. म्हणायला आम्हीच बंदी केली होती. आणि मलाही "निवांत" एवढंच ऐकायचं होतं.

बुधवारी दुपारी मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. पावणेएकला गिरूचा फोन आला.

"अक्का, ह्या रविवारच्या क्लिपमधी शेवटाला काय घातलीस तू?"

"काय घातलंय? रोजचीच बारा वाक्यं हायत."

"बाराव्यानंतर. जरा वेळ काय न्हाय, आणि मग तू बोलायलीस. 'गिरू, ऊठ. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. वाट बघत बसू नको, ऊठ...' असं."

मी म्हटलं, असलं काही मी कशाला बोलेन?

"तुझाच आवाज हाय. पण घसा बसल्यागत. रडल्यागत. आणि मागं धप् धप् कायतरी वाजायलंय. आणि मधीच कोण तरी बाई इचारती — डब्यात भरू का पिशवीत?"

इथं मला हसू आलं. माझ्या क्लिपमध्ये किराणा दुकान कुठून आलं? मी म्हटलं, "गिरू, तुझा डोळा लागला असंल. अव्वाकडं कोण तरी आलं असंल, ते ऐकलीस. मी काही बोललेलं न्हाय. असले विचार मनात आणायचे न्हाईत, बाळापर्यंत पोचतात. बारा वाक्यं परत एकदा ऐक बघू."

"तू न्हाय बोललीस?"

"न्हाय गं बाई."

ती म्हणाली, "मग जाऊ का दवाखान्यात? असंच, बघून येतो."

"सोमवारी तपासणी हायच की. उगं धडधड करून घेऊ नको. बाळ कसं हाय?"

"...निवांत हाय."

"मग? छान की!"

घंटा झाली. मी फोन ठेवला आणि आठवीच्या वर्गावर गेले. प्रकाशाचं परावर्तन शिकवलं. मला त्या तासाचं सगळं आठवतं, कोणत्या पोरानं काय विचारलं ते सुद्धा.

गुरुवारी सकाळी साडेसातला अव्वाचा फोन. "गिरूला जरा दवाखान्यात आणलंय. सगळं चांगलं हाय... तू ये." तेव्हासुद्धा ती "सगळं चांगलं हाय" म्हणाली.

मी पोचले तेव्हा सोनोग्राफीच्या मशीनचा पडदा भिंतीकडे फिरवलेला होता. ठोके नव्हते. डॉक्टर बाई चांगल्या होत्या, माझा हात धरून बोलल्या. मी त्यांना बाजूला घेऊन एकच विचारलं — काल दुपारी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "कदाचित ठोके असते, कदाचित नसते. आता सांगता येत नाही." तेवढ्या वाक्यावर मी तेव्हापासून रोज झोपते आणि उठते.

बाळंतपण तर व्हायचंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कळा सुरू केल्या. मी गिरूजवळ होते. कळ वाढली तशी तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "म्हण की अक्का. वाक्यं म्हण."

मी मनातल्या मनात बारा वाक्यं धुंडाळली. बाळ सुखानं वाढायलंय, हे म्हणता येईना. बाळ आणि मी मिळून हे काम करायलोय, हेही नाही. शेवटचं तर नाहीच नाही. एकेक गाळता गाळता हातात दोनच उरली. "कळ येती आणि कळ जाती... काय करायचं ते माझ्या अंगाला ठावं हाय..." हीच दोन मी साडेचार तास म्हणत राहिले. गिरूही म्हणत राहिली. तिच्या अंगाला खरंच ठावं होतं. सगळं नीट झालं, टाका सुद्धा पडला नाही. मुलगी होती. केस दाट, काळेभोर. गिरूसारखी जिवणी.

आमच्यात पुरतात. महेशनं तिला दोन्ही हातांवर घेऊन नेलं. तिसऱ्या दिवशी गिरूला पान्हा आला आणि ती भिंतीकडे तोंड करून ओरडली, ते ऐकून अव्वा परसात जाऊन बसली. मी त्या घरात कुठंच बसू शकत नव्हते.

गिरू पुढे एकच सांगत राहिली. "मला कुणीतरी सांगितलं हुतं. मी ऐकलो, आणि गेलो न्हाय." सगळे तिला समजावायचे की धक्क्यानं असं होतं, मागाहून मनच काहीतरी रचतं. मीही समजावलं. जरा जास्तच हुशारीनं समजावलं; स्मृती कशी बदलते ते उदाहरणासकट सांगितलं. ती क्लिप मी शंभरदा ऐकली असेल. चार मिनिटं दहा सेकंद. बारावं वाक्य, आणि बंद. पुढे काही नाही. तिला हेडफोन लावून ऐकवली तेव्हा तिलाही काही ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "आता न्हाय. तवा हुतं." आणि मलकापूरला निघून गेली.

आता चैत्रातलं सांगते.

आमच्या फुलेवाडीच्या घरामागे शोभावहिनींची शेड आहे. पूर्वी तिथं त्यांच्या दोन म्हशी होत्या. म्हशी विकून त्यांनी मार्चमध्ये चटणी कांडायचं मशीन बसवलं. बाहेरच्यांसाठी सांगते, आमची चटणी म्हणजे मिरची, कांदा, लसूण, खोबरं, मसाला सगळं घालून वर्षाचं एकदम करून ठेवतात ते लाल तिखट. लोखंडी मुसळं आळीपाळीनं वरनं आपटतात. सीझनला सकाळी दहापासून सगळ्या गल्लीला तो आवाज असतो.

शाळा सकाळची झाली होती. एका मंगळवारी मी आमची मिरची वहिनींकडे दिली आणि मागच्या दाराच्या पायरीवर बसले. तीन वाजले असतील. ऊन, मिरचीची धूळ, डोळे झोंबत होते. हातात फोन होता. का कोण जाणे, गिरूचं चॅट उघडलं आणि जानेवारीतली ती क्लिप लावली. माझाच आवाज. केवढा प्रसन्न! प्रत्येक वाक्याला स्वतःवर खूश असलेला. "मी माझ्या बाळाला घेऊन घरला येतो." क्लिप संपली.

माझा बांध तेव्हा फुटला. जानेवारीत मी सगळ्यांदेखत व्यवस्थित वागले होते, रडले ते आत्ता. आणि रडता रडता मी त्या चॅटमधलं माइकचं बटण दाबून धरलं. कशासाठी ते मला सांगता येणार नाही. त्या बुधवारी जे म्हणायला हवं होतं ते मी म्हणायला लागले. "गिरू, ऊठ. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. वाट बघत बसू नको, ऊठ गं बाई..." घसा बसला होता, आवाज नीट फुटत नव्हता.

आणि शेडमधनं शोभावहिनी ओरडल्या, "टीचर, डब्यात भरू का पिशवीत?"

मशीन चालूच होतं. धप्, धप्, धप्.

बोट बटणावरच होतं, रेकॉर्डिंग पुढे सरकत होतं. मी बोट डावीकडे ओढलं आणि ते पुसून टाकलं. म्हणजे ती क्लिप कुणालाच गेली नाही. कुठंच गेली नाही. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय हो, मिरची झोंबली का?" मी हो म्हटलं.

पहिले दोन दिवस मी स्वतःशी वाद घातला. शब्द काय, गिरूनंच मला सांगितलेले होते, तेच माझ्या तोंडात आले. डबा का पिशवी हे वहिनी प्रत्येकीला विचारतात. म्हणजे आधी गिरूला भास, मग मला तो आठवला, वर एक योगायोग. वर्गात पोरांना सांगावं असं चांगलं उत्तर होतं. मला वाटायला लागलं की तो डब्याचा भाग तरी गिरूनं मला तेव्हा खरंच सांगितला होता का? का मीच आता मागाहून रचतेय?

म्हणून मी महेशला फोन केला. त्या दिवसाबद्दल गिरू त्याला काही बोलली होती का, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "मेसेज केलता तिनं मला. मी पुसला न्हाय अजून." त्यानं स्क्रीनशॉट पाठवला. जानेवारीतला तो बुधवार, दुपारी बारा छत्तीस. मला फोन करायच्या आधी नऊ मिनिटं. गिरूनं लिहिलं होतं — "अक्काच्या क्लिपमधे मागं कायतरी आपटायलंय आणि एक बाई इचारती डब्यात भरू का पिशवीत. अक्का चटणी करायली वाटतं." खाली महेशनं हसण्याचा चेहरा टाकला होता.

जानेवारीत त्या शेडमध्ये म्हशी होत्या. मशीन घ्यायचं वहिनींच्या मनातसुद्धा नव्हतं, हे मी त्यांना खोदून खोदून विचारलं. वारं लागलं म्हणून म्हैस आजारी पडली आणि फेब्रुवारीत त्यांनी ठरवलं.

त्या रविवारी मी मलकापूरला गेले. राहायच्या तयारीनंच गेले होते, पिशवीत दुसऱ्या दिवशीची साडी, शाळेला रजा टाकलेली. गिरूकडे गेले आणि राहिले नाही असं कधीच झालेलं नाही, ती सोडायचीच नाही. ती पुढच्या सोप्यात राजगिऱ्याची भाजी निवडत बसली होती. वाळली होती. महेश बाहेर गेला होता. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, पायरीवर बसल्यापासून स्क्रीनशॉटपर्यंत.

तिनं एकदाही "खरंच?" असं विचारलं नाही. तिच्या दृष्टीनं ते कधी खोटं नव्हतंच.

"म्हंजे तूच हुतीस," ती म्हणाली.

"व्हय. मीच."

"मला कळलंच हुतं. तुझा आवाज मला कळत न्हाय व्हय?"

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो काढून घेतला नाही, पण बोटं तशीच सैल राहिली. भाजीचा देठ दुसऱ्या हातात होता. त्याकडे बघतच ती म्हणाली, "मग मी इचारलं तवा न्हाय का म्हणालीस, अक्का?"

त्या बुधवारी मी काही बोलले नव्हते, हे आजही खरंच आहे. चैत्रात म्हटलेलं जानेवारीत कसं ऐकू गेलं, जी क्लिप पाठवलीच नाही ती तिच्या कानात कशी वाजली, याचं माझ्याकडे काहीही स्पष्टीकरण नाही. मी शोधलं, शहाण्या माणसांना विचारलं, कुणालाच सांगता आलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा.

गिरूनं ते विचारलंसुद्धा नाही. तिनं हात सोडवला, भाजीची जुडी जवळ ओढली आणि म्हणाली, "पाचची यष्टी हाय कोल्हापूरला. आत्ता निघालीस तर मिळंल."